वाल्दोकोचे अंगण

इटलीच्या उत्तर भागात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, पो नदीच्या तीरावर तुरिन नगर वसले आहे. सरळ रुंद रस्ते, कमानींच्या छायेतील पदपथ आणि जुने राजवाडे यांमुळे ते प्रवाशांस प्रिय आहे. प्रभूचे कफन म्हणून ज्याचा आदर केला जातो ते वस्त्र येथील कॅथीड्रलमध्ये जतन केलेले असल्याने यात्रेकरूंचीही तेथे रीघ लागते. परंतु ज्यांच्या घरी तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वाढत आहे, अशा आईबापांनी मुद्दाम पाहावी अशी जागा निराळीच आहे. ती म्हणजे वाल्दोको नावाच्या भागातील एक अंगण.

तिकडे जाण्यापूर्वी जुन्या शहरातील आसिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात शिरावे. 8 डिसेंबर 1841 रोजी, अमलोद्भव मरियेच्या सणाच्या दिवशी, येथील साक्रिस्टीत एक सव्वीस वर्षांचे धर्मगुरू मिस्सेची तयारी करीत होते. त्यांस गुरुदीक्षा मिळून सहाच महिने झाले होते. त्यांचे नाव जॉन बॉस्को. इटलीत धर्मगुरूंच्या नावापूर्वी आदराने ‘डॉन’ लावतात, म्हणून जग त्यांस डॉन बॉस्को या नावाने ओळखते. इतक्यात थंडीने गारठलेला एक मुलगा आत आला. साक्रिस्टीच्या सेवकाने त्यास मिस्सेची सेवा करण्यास फर्मावले. ती आपणास येत नाही असे मुलाने सांगताच, मग येथे आलास कशाला म्हणून सेवकाने त्यास बडवून हाकलून दिले. डॉन बॉस्कोंनी त्या सेवकास थांबविले, हा माझा मित्र आहे असे सांगितले आणि मुलास परत बोलाविले.

तो बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, आईबाप वारलेले, गवंड्याच्या हाताखाली काम, अक्षरओळख नाही, पहिला ख्रिस्तप्रसादही घेतलेला नाही. धर्मशिक्षणास जावे तर लहान लहान मुले आपल्यापेक्षा अधिक जाणतात, याची त्यास लाज वाटे. डॉन बॉस्कोंनी प्रथम त्यास शीळ घालता येते का ते विचारले. मुलगा हसला आणि त्याची भीड चेपली. मग क्रुसाची खूण शिकविण्यापासून आरंभ झाला. पुढच्या खेपेस गारेल्लीने आपले सोबतीही आणले.

येथून उत्तरेकडे चालू लागल्यावर पोर्ता पालात्सोचा मोठा बाजार लागतो. खेड्यांतून शहरात आलेली मुले त्या काळी या बाजाराच्या आसपास काम शोधीत उभी असत. आणखी काही पावलांवर एक चौक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे फाशीचा खांब उभा असे. मृत्युदंड झालेल्यांस अखेरपर्यंत सोबत करणारे संत जोसेफ काफासो यांचा पुतळा आज त्या ठिकाणी आहे. हेच काफासो डॉन बॉस्कोंचे गुरू. त्यांच्याबरोबर तुरुंगात जाताना डॉन बॉस्कोंना कोवळ्या वयाचे कैदी दिसत. सुटलेली मुले पुन्हा तेथेच येत, कारण बाहेर त्यांचे कोणी नसे. बाहेर एखादा जिव्हाळ्याचा माणूस असता तर ही मुले वाचली असती, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

त्या चौकापासून वाल्दोको अगदी जवळ आहे. पण तेथे पोहोचण्यास डॉन बॉस्कोंना वर्षे लागली. मुलांचा गोंगाट सहन न होऊन लोक तक्रारी करीत, आणि एका जागेहून दुसरीकडे ही मंडळी हिंडत राही. अखेर 12 एप्रिल 1846 रोजी, ईस्टरच्या दिवशी, पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी त्यांस भाड्याने मिळाली. छप्पर इतके ठेंगणे, की जमीन खणून खाली घ्यावी लागली. आर्चबिशप तेथे दृढीकरणास आले तेव्हा त्यांचा उंच मुकुट छपरास लागला, असे सांगतात. मूळ पडवी आज नाही. तिच्या जागी एक छोटे प्रार्थनामंदिर आहे.

पडवीपुढच्या मोकळ्या जागेत रविवार कसा जाई, तो पाहण्यासारखा होता. सकाळी कबुलीजबाब आणि मिस्सा, नंतर खेळ. दुपारी धर्मशिक्षण आणि प्रार्थना, नंतर अंधार पडेपर्यंत पुन्हा खेळ. डॉन बॉस्को झगा वर खोचून मुलांबरोबर धावत. लहानपणी बेक्कीच्या वाडीत दोरीवर चालून व हातचलाखी करून त्यांनी सवंगडी जमविले होते, आणि त्याच खेळांच्या मध्ये त्यांना जपमाळ म्हणावयास लावले होते. खेळता खेळता एखाद्याच्या कानात ते दोनच शब्द सांगत, आणि तो मुलगा शनिवारी आपण होऊन कबुलीजबाबास येई. आठवड्यात, मुले जेथे कामाला असत तेथे ते जाऊन विचारपूस करीत. 1852 सालचा एका सुतारकामाच्या उमेदवाराचा करारनामा उपलब्ध आहे. मालकाने मुलास मारू नये, शब्दांनीच सुधारावे, सणवारी सुटी द्यावी, अशी कलमे त्यात आहेत, आणि त्याखाली डॉन बॉस्कोंची सही आहे.

अंगणात जुळलेल्या या स्नेहाची कसोटी 1854 साली लागली. त्या उन्हाळ्यात तुरिनमध्ये पटकीची साथ आली, आणि वाल्दोकोच्या शेजारची गरीब वस्ती अधिक होरपळली. आजाऱ्यांजवळ जाण्यास लोक धजेनात. डॉन बॉस्कोंनी मुलांस हाक दिली. प्रथम चौदा आणि पाठोपाठ तीस, अशी चव्वेचाळीस मुले पुढे आली. त्यांनी रोगी उचलून इस्पितळात नेले, घरोघरी शुश्रूषा केली. हात धुण्यासाठी प्रत्येकाजवळ व्हिनेगरची बाटली असे. डॉन बॉस्कोंच्या मातोश्री मार्गारिता यांनी रोग्यांसाठी चादरी दिल्या, आणि त्या संपल्यावर वेदीवरचे वस्त्रही दिले. मुलांपैकी एकासही रोग झाला नाही. ज्यांस कालपर्यंत शहर उनाड म्हणत होते, तीच ही मुले होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारा वर्षांचा डॉमिनिक साव्हिओ तेथे आला. 1856 साली त्याने सोबत्यांसह अमलोद्भव मरियेचा संघ स्थापला. नवख्या व द्वाड मुलांशी खेळात मैत्री करावी आणि त्यांस सांभाळावे, हे संघाच्या कामांपैकी एक होते. पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच 1857 साली तो वारला, आणि 1954 साली ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले.

आज वाल्दोकोला गेल्यास ख्रिस्ती जनांची साहाय्यकारिणी मरिया हिचे 1868 सालचे भव्य मंदिर दिसते. 31 जानेवारी 1888 रोजी निवर्तलेल्या डॉन बॉस्कोंचा देह तेथेच आहे. त्यांच्या जुन्या राहत्या जागेत 2020 साली संग्रहालय उघडले. पण प्रवाशाने मंदिरामागच्या अंगणात घटकाभर उभे राहावे. 1884 साली डॉन बॉस्कोंनी रोमहून वाल्दोकोस एक पत्र धाडले. शिक्षक मुलांत मिसळेनासे झाले आहेत, लांब उभे राहून नुसते लक्ष ठेवतात, याचे त्यांस दुःख झाले होते. आपल्यावर कोणी माया करतो हे मुलास दिसले पाहिजे, आणि ते त्यास आवडत्या खेळात सामील होणाऱ्या माणसातच दिसते, असा त्या पत्राचा आशय आहे.

त्यांचे सलेशियन बंधू 1906 साली तंजावरास आले आणि 1946 साली गोव्यात. पणजीतही त्यांनी मुलांसाठी मैदान आणि प्रार्थनामंदिर यांची सांगड घातली. आपल्या खेड्यांत मैदानांची वाण नाही. भात कापलेल्या शेतातही मुले फुटबॉल खेळतात. वाण आहे ती त्यांच्याबरोबर तेथे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा धर्मशिक्षणास येईनासा होतो तेव्हा आपण त्यास रागे भरतो, पण गारेल्लीसारखी लाज त्याच्याही मनात असेल हे ध्यानी घेत नाही. 31 जानेवारीस या संताचा सण येतो. त्या दिवशी मिस्सेनंतर एका बापाने, एका काकाने किंवा एका शिक्षकाने मुलांबरोबर तासभर मैदानात उतरावे, आणि परतताना गावातील एखाद्या अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या घरी त्यांस आपल्यासह न्यावे. पुढच्या रविवारी ती मुले आपणच विचारावयास येतील.