मार्गदर्शकाची वही

'मेंटॉर' हें मूळचें विशेषनाम. होमरच्या 'ओडिसी'मध्यें ओडिसियस युद्धास जातांना ज्या मित्राच्या हवालीं आपलें घर करून गेला, त्याचें तें नांव. पुढें त्याच मित्राचें रूप घेऊन अथीनी देवी ओडिसियसच्या मुलास वाट दाखविते. फेनेलाँ या फ्रेंच लेखकाची १६९९ सालची कादंबरी गाजली आणि विशेषनामाचें सामान्यनाम होऊं लागलें. आमच्या महाविद्यालयांत तें आलें तें मात्र काव्याच्या दारानें नव्हे. १९९४ सालीं स्थापन झालेल्या 'नॅक' या परिषदेच्या प्रश्नावलींत, एका मार्गदर्शकामागें विद्यार्थी किती, अशी विचारणा होऊं लागली. तिच्या पाठोपाठ तें आलें.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं आमच्याकडे एक काम सोंपविण्यांत आलें. मार्गदर्शनाची नोंद ठेवणारें मोबाइलवरील साधन व्हावयाचें होतें. तत्पूर्वी प्राध्यापकांस काय हवें, याचा शोध आम्हीं घ्यावयाचा होता. विचारलें तेव्हां बहुतेकांनीं "नोंद सोपी करा" एवढेंच सांगितलें. म्हणून आम्हीं विचारणें सोडून पाहणें आरंभिलें.

पहिली गोष्ट दिसली ती ही कीं, वेळापत्रकांतल्या तासाला विद्यार्थी मन उघडीत नाहीं. तें उघडतें ग्रंथालयाच्या पायरीवर, नाहीं तर एस.टी.ची वाट पाहतांना. समोरच्यानें हातांत मोबाइल घेतला कीं बोलणारा आवरतें घेतो. तेव्हां नोंद व्हावयाची ती मागाहून, आणि दोन ओळींहून अधिक नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, साधन विद्यार्थ्यास हजेरीच्या क्रमांकानें ओळखतें, चांगला मार्गदर्शक त्यास गांवानें आणि घरच्या शेतानें ओळखतो. कापूस वेचणीच्या दिवसांत रिकामा बाक पाहून एकजण 'गैरहजर' लिहितो. दुसरा, घरीं वेचणीला माणूस मिळालें नसेल, हें जाणतो.

तिसरी गोष्ट एका सहकारी बाईंनीं शिकविली. त्यांच्या वहींत एका मुलीच्या नांवापुढें नुसतें टिंब होतें. कारण पुसलें तेव्हां त्या म्हणाल्या, "सर, घरचे तिचें लग्न जमवीत आहेत आणि तिला शिकायचें आहे. हें मीं लिहिलें तर कोण कोण वाचील? गांव केवढेंसें आहे!" टिंबाचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता, तो दुसऱ्या कोणास कळूं नये, हीच त्या टिंबाची उपयुक्तता.

आराखड्यांत आम्हीं लिहिलें कीं, मजकूर लिहिणाऱ्यालाच दिसावा, वरिष्ठांस केवळ भेटींची संख्या कळावी. त्यावर "मग तपासणीच्या वेळीं दाखवावयाचें काय?" असा प्रश्न आला. प्रश्न अवाजवी नव्हे. कारण नुसती संख्या मागितली कीं संख्याच भरली जाते, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. परंतु जी वही परक्याच्या डोळ्यांसाठीं लिहिली जाते, तिच्यांत मुलांच्या खऱ्या अडचणी कधींच उतरणार नाहींत.

आराखडा अद्याप टेबलावर पडून आहे. ती मुलगी मात्र यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत बसते, आणि बाईंच्या वहींत तिच्या नांवापुढें आणखी चार टिंबें पडलीं आहेत.