बर्फाला घाम फुटेपर्यंत

मे महिन्यातील सकाळ. राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातील एका आरोग्य केंद्रात परिचारिका डीप फ्रीझरमधून चार आइसपॅक काढते. पण ते लगेच लसवाहक पेटीत ठेवत नाही. ती थांबते. पॅकला घाम फुटतो, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळते, तेव्हाच पेटी भरली जाते.

या थांबण्यामागे भौतिकशास्त्र आहे. फ्रीझरमधील बर्फ शून्याखाली सुमारे २० अंशांवर असतो. त्याच्या सान्निध्यात पेंटाव्हॅलंट लस गोठली, तर तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि तिची शक्ती क्षीण होते. पुन्हा वितळूनही ती शक्ती परतत नाही. वितळू लागलेला बर्फ मात्र शून्य अंशांवर स्थिर राहतो. त्याचा प्रत्येक ग्रॅम ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो, तरी तापमान वाढत नाही. हाच अप्रकट उष्मा. बाहेर ऊन रणरणत असताना पेटीतील थंडावा टिकतो, तो याच्याच बळावर.

टेट्राडेकेन हा पॅराफिन गटातील पदार्थ सुमारे ६ अंशांना, म्हणजे लशीला मानवणाऱ्या २ ते ८ अंशांतच वितळतो. पण तेवढ्याच वजनाचा बर्फ त्याहून अधिक उष्णता पचवतो, आणि पाणी तर कुठेही मिळते.

दुपारी वाळू तुडवत ती दूरच्या ढाणीवर पोहोचते. बाळाच्या मांडीत सुई टोचली जाते, बाळ रडते, आई त्याला छातीशी धरते. सकाळी ती क्षणभर थांबली होती, हे तिथे कुणालाच ठाऊक नसते.