पितळेचा जमाखर्च

एरी सरोवर हे नुसते नावाला सरोवर. काठावर उभे राहिले की पलीकडचा किनारा दिसत नाही. फक्त वाऱ्याला खारा वास नाही, म्हणून हा समुद्र नव्हे असे समजायचे! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, या सरोवराच्या दक्षिण काठी, पोर्ट क्लिंटन गावाजवळ कॅम्प पेरी ही छावणी आहे. १८१३ साली याच पाण्यावर इंग्रजी आरमाराला हरवणाऱ्या पेरीचे नाव तिला दिले आहे. १९०७ पासून देशभरचे नेमबाज उन्हाळ्यात इथे जमतात. निशाणे सरोवराच्या अंगाला, म्हणून गोळीबार चालू असताना समोरचे पाणी होड्यांना बंद. जत्राच म्हणा ना; पण बंदुका सोडल्या तर आवाज कोणी चढवत नाही.

मात्र खरे कॅम्प पेरी मला आदल्या संध्याकाळीच, चाळीसेक मैल अलीकडे, टोलेडो शहरातल्या एका गराजमध्ये दिसले. माझ्या भाच्याचे शेजारी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. उभा जन्म लेथवर गेलेला. बंदूक म्हटली की आपल्यापुढे एकतर शिकारी येतो नाहीतर दरोडेखोर. हे मात्र चष्मा नाकावर ओढून, सराफाने तोडे तपासावेत तशा रिकाम्या पुंगळ्या मोजत बसले होते.

उडालेले काडतूस म्हणजे आपल्या लेखी संपलेली गोष्ट. तसे नसते. शिसे जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी हाती राहते, आणि काडतुसात महाग तीच. ती धुऊन, साच्यातून दाबून मूळ आकाराला आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी. जुन्या पैठणीचा काठ नव्या साडीला लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र सांगावे लागले नसते.

घोडे अडते ते लांबीपाशी. बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते आणि ताणते. मग साच्यात दाबली की पितळ पुढे सरकते आणि मान लांबते. म्हणून माप घ्यायचे ते साच्यातून काढल्यावर, आधी नव्हे. त्यांच्या रायफलीचे काडतूस १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले, 'थर्टी-ऑट-सिक्स'. त्याच्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, ती ओलांडली की कापून २.४८४ वर आणायची. म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, दोन-अडीच कागदांची जाडी! आपला सुतार सुतात बोलतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. त्याने हे ऐकले असते तर पानाची पिंक टाकून तो उठून गेला असता.

पण हा छंदिष्टपणा नव्हे. पुंगळी लांब राहिली तर तिचे तोंड घराच्या टोकाला अडून गोळीभोवती आवळते. गोळी सहज सुटत नाही, दाब भलताच चढतो, आणि रायफल नेम धरणाऱ्याच्या गालाशी असते.

कापण्याचे यंत्र पेन्सिलीला टोक करण्याच्या यंत्राचे चुलत भावंड. हातदांडा फिरवला की पितळेचे सोनेरी केस गळतात. मग तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची. मध्येच त्यांनी गमतीच्या डब्यातून एक जुनी थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी माझ्या हाती दिली. बुडावर 'के एफ' ही अक्षरे. किर्की फॅक्टरी, आपली १८६९ सालची खडकी! पुण्यापासून इतक्या दूर ती भेटेल असे वाटले नव्हते. तिच्या बुडात आत दोन बारीक भोके होती. अमेरिकन पुंगळीला मधोमध एकच असते. दोन भोकांची पद्धत बर्डन नावाच्या अमेरिकनाची, ती इंग्रजांनी उचलली. एका भोकाची बॉक्सर या इंग्रजाची, ती अमेरिकेने. दोन भोकांतून जुनी टोपी काढणे जिकिरीचे, त्यामुळे खडकीची ही लेक नुसती शोभेला.

पन्नास पुंगळ्यांपैकी एकतिसावीला ते थबकले. बुडाच्या वर एक चकचकीत कडे दिसत होते. टोक वाकवलेली तार त्यांनी आत घालून भिंतीवरून ओढली आणि मग माझ्या हाती दिली. तार एका जागी खट्कन अडली. तिथे पितळ झिजून खाच पडली होती. तोंडाशी वाढते ते शेवटी बुडाकडूनच येते. दर वेळी कापलेला तो शंभरावा हिस्सा या भिंतीतून गेला होता. पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे झाले असते.

"मामा, एकच तर निघाली," भाचा माझ्या कानाशी म्हणाला. मी गृहस्थांना विचारले, "बाकीच्या एकोणपन्नास?"

"सगळ्या एकाच दिवशी घेतल्या, सारख्याच वेळा उडवल्या," ते म्हणाले. त्यांनी पक्कड घेतली आणि पन्नासही तोंडे एकेक करून चेपली, चुकून कोणी उचलू नये म्हणून. बादली मोडीत जायची होती. सहाशे यार्डांच्या पाळीसाठी त्यांनी महिनाभर याच पुंगळ्यांवर रायफल बसवली होती, हे मला भाच्याने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या दुकानातून आणलेल्या तयार काडतुसांवर ते उतरले. दोन अंदाजाचे बार आणि वीस गुणांचे. गोळ्या वाऱ्याबरोबर डावीकडे जात राहिल्या, आणि क्रमांक बराच खाली लागला. पाळी संपली तसे त्यांनी गुडघे टेकून गवतातल्या बावीसही पुंगळ्या वेचल्या, डब्यात घातल्या आणि झाकणावर पेन्सिलीने लिहिले: '१ वेळा'.