फडावर रविवार नसतो
दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला गेलेले कोयते, म्हणजे मजूर जोडपी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात परतू लागतात. त्यांतली ख्रिस्ती माणसं कित्येक महिन्यांनी उपासनेला बसतात. फडावर रविवार नसतो. सुट्टी घेतली की खाडा, आणि मुकादमाची उचल फिटायची राहते. कोपीतल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी बायबल, वर कोयत्याची कानस. याला मी श्रद्धेची ढिलाई म्हणणार नाही. ढिलाई आम्हा पक्क्या घरांतल्यांची: वेळ असतो, देऊळ जवळ असतं, तरी प्रार्थना उद्यावर जाते.

अशी ढिलाई झटकायला वय आड येत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांनीही त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाहून घ्यावंसं वाटलं! आपणही पहिल्यापासून सुरुवात करू: उद्या पहाटेच घरात स्तोत्र मोठ्याने वाचायचं, मुलांना उठवून.