'प्रति'च्या पुढे

आमच्या मोहल्ल्यात मास्तरकी करायची म्हणजे नुसते शाळेत शिकवून भागत नाही. मगरिबच्या नमाजनंतर दारात कोणीतरी उभे असतेच. कुणाला रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असते, कुणाच्या वीजबिलात घोळ असतो, कुणाच्या म्हाताऱ्या आईची निराधार योजनेची पेन्शन तीन महिने आलेली नसते. ही सगळी गाऱ्हाणी उर्दूत असतात आणि सरकार वाचते मराठी. आम्ही मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, बी. एड्. करताना मेथडही मराठीचीच घेतली होती, त्यामुळे गल्लीपुरते बिनपगारी अर्जनवीस झालो आहोत. अर्जाचा साचा हाताला पाठ आहे. डावीकडे वर 'प्रति', मग विषय, मग 'महोदय', शेवटी 'आपला विश्वासू'. मुलांनाही हेच शिकवतो. परीक्षेत कोणी 'प्रति'च्या पुढची जागा कोरी सोडली की एक गुण कापतो. अर्ज कोणाला लिहायचा हेच ठाऊक नसेल तर बाकीच्या मजकुराला काय अर्थ, असे वर ऐकवतो.

डिसेंबर २०१८ मध्ये ती जागा आमच्याच हातून कोरी राहिली.

त्या संध्याकाळी आलेला माणूस आमच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप होता. पूर्वी पॉवरलूमवर रात्रपाळी करायचा. खुर्चीच्या अगदी काठावर बसला आणि म्हणाला, "सर, एक अर्जी लिखवानी थी. मुआवजे की." आम्ही सवयीने कागद ओढला. नाव, वय, धंदा लिहून घेतले आणि विचारले, "कब से कब तक?" त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला निकाल काढला. ११ मार्च २०१४ ला अटक, २३ नोव्हेंबर २०१८ ला सुटका. आम्ही बेरीज केली, १७१७ दिवस. तो हळूच म्हणाला, "सर, बीच में २९ फरवरी भी आई थी." बरोबर होते त्याचे. १७१८.

गुन्हा होता दरोड्याच्या तयारीचा. वर्तमानपत्रात 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' असा मथळा आपण सारेच वाचतो आणि पान उलटतो. खाली मिरचीची पूड, नायलॉनची दोरी, कटावणी असे साहित्य असते. याचे म्हणणे असे की, पाळी चालू असताना वीज गेली, साचे बंद पडले, म्हणून चारपाच कामगार नाक्यावर चहाला गेले आणि तिथूनच उचलले गेले. खरे काय ते अल्लाहला ठाऊक. आम्ही नाक्यावर नव्हतो. पण न्यायालयापुढे पुरावा आला तेव्हा जप्तीचा पंच हा आणखी कितीतरी गुन्ह्यांत पंच असल्याचे निघाले, जप्त केलेल्या वस्तूंना मोहर नव्हती, आणि सगळे आरोपी सुटले. निकालाच्या शेवटी लिहिले होते, संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. त्याने त्या 'फायदा' शब्दावर बोट ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली.

जामीन मिळाला नव्हता का, असे कोणी विचारील. पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसरा २०१६ मध्ये मंजूर झाला, पण पन्नास हजारांचा जामीनदार हवा होता. घर भाड्याचे. नातेवाइकांपैकी कोणाकडे सातबारा नाही, कोणाच्या नावे घरपट्टीची पावती नाही. ज्यांच्याकडे होती ते पोलिसांच्या भीतीने समोर आले नाहीत. त्यांत आम्हीही होतो. आमच्या नावावर घर आहे. कोणी आम्हाला विचारले नाही हे खरे, पण आम्हाला माहीत नव्हते असे नाही.

त्याची मुलगी जून २०१४ मध्ये पहिलीत आली. बाप सुटला तेव्हा पाचवीत होती. प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा असायचा. चौथीत आम्ही 'माझे वडील' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. तिने लिहिले, माझे वडील भिवंडीला कामाला असतात, ते ईदला येतात, मला चप्पल आणतात. सगळ्या वर्गाला ठाऊक होते, आम्हालाही. आम्ही दहापैकी आठ गुण दिले. ऱ्हस्व-दीर्घाचे दोन कापले होते. आजही ते दोन गुण आठवले की स्वतःची शरम वाटते.

तर अर्ज. उर्दूत मुआवजा म्हणतात, त्याच्या मुळाशी 'इवज' आहे, म्हणजे बदला, अदलाबदल. हर्जाना म्हणतात, त्यात 'हर्ज' म्हणजे नुकसान. मराठीत भरपाई, जे रिते झाले ते भरून देणे. विषयाच्या ओळीत आम्ही 'नुकसानभरपाई मिळणेबाबत' असे लिहिले आणि 'प्रति'शी येऊन थांबलो. तहसीलदार? पुरात घर पडले तर तो पंचनामा करतो. जिल्हाधिकारी? वीज पडून म्हैस मेली तर तिथे मदतीची तरतूद आहे, रक्कम ठरलेली आहे. पोलीस अधीक्षक? अटक तर त्यांच्याच माणसांनी केली. न्यायाधीश? त्यांनी त्याला सोडून दिले, त्यांचे काम संपले. वेगवेगळी नावे लिहून चार कच्चे कागद फाडले आणि त्याला म्हणालो, दोन दिवसांनी या.

ते दोन दिवस फार लांबले. ओळखीच्या एका वकिलाकडे बसून आम्ही जे शिकलो त्यातली एक गोष्ट अजून गळ्याखाली उतरत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२८ होते, आता २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४६८ आहे. खटला चालू असताना आरोपीने जितके दिवस तुरुंगात काढले तितके दिवस शिक्षेतून वजा होतात. म्हणजे हा माणूस दोषी ठरला असता तर त्याचे १७१८ दिवस सरकारने एकेक करून मोजले असते, २९ फेब्रुवारीसकट. निर्दोष ठरला म्हणून ते कुठल्याच खात्यात जमा नाहीत. मुलांना गणितात आम्ही असे उत्तर कधी लिहू दिले नसते.

भरपाईचे एक कलम होते, नाही असे नाही. जुन्या संहितेत ३५८, नव्या संहितेत ३९९. पुरेशा कारणाशिवाय कोणी कोणाला पोलिसांकरवी अटक करवली तर दंडाधिकारी भरपाई देववू शकतात, जास्तीत जास्त एक हजार रुपये. नव्या कायद्यातही हजारच. तेही सरकार देत नाही, ज्याने अटक करवली त्याने द्यायचे. आमच्या माणसाच्या बाबतीत फिर्यादी पोलीसच होते. पण समजा मिळाले असते, तर दिवसाला अठ्ठावन्न पैसे पडले असते.

दुसरे कलम ४३६-क. कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद त्यात होती. दरोड्याच्या तयारीला कमाल दहा वर्षे, निम्मी पाच. तो पाच वर्षांना साडेतीन महिने कमी असताना सुटला. नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ही मुदत एक तृतीयांशावर आली आहे. आज असता तर साडेतीन वर्षांच्या आत बाहेर येण्याचा हक्क लागला असता. हे आम्ही त्याला सांगितलेले नाही.

न्यायालयांनी भरपाई दिलीच नाही असे म्हणता येणार नाही. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगात सडत होता. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याला आधीचे पाच आणि वरचे तीस असे पस्तीस हजार रुपये देववले. या निकालाने वाट उघडली. पण वकीलसाहेब म्हणाले, सर, रुदुल साहची कैद बेकायदा होती, तुमच्या माणसाची कायदेशीर आहे. दर चौदा दिवसांनी कोणीतरी कोठडीच्या कागदावर सही करीत होते. आम्हाला हे समजायला वेळ लागला. चूक एकाने एकदा केली तर ती चूक, आणि रीतसर सह्या घेऊन पावणेपाच वर्षे चालवली तर ती प्रक्रिया! भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये स्वीकारला. बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क देणारे कलम त्यात आहे. नेमके तेवढे आम्हाला लागू नाही, असे सरकारने तेव्हाच लिहून ठेवले. जर्मनीत निर्दोष सुटलेल्याला कोठडीच्या प्रत्येक दिवसामागे ७५ युरो मिळतात, २०२० पासूनचा दर. आकडा लहान की मोठा हे आम्ही सांगू शकत नाही; पण तिथे खिडकी आहे, अर्जाला 'प्रति' आहे.

आपल्याकडे ज्याचे त्याचे नशीब. शास्त्रज्ञ नंबी नारायणन ५० दिवस कोठडीत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख देववले आणि पुढे केरळ सरकारने आणखी १ कोटी ३० लाख दिले. त्यांना मिळाले ते योग्यच. दिल्लीचे मोहम्मद आमीर खान जवळजवळ १४ वर्षे आत होते; राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीवरून ५ लाख मिळाले. दिवसाला शंभर रुपयेही होत नाहीत. हैदराबादच्या मक्का मशीद स्फोटानंतर पकडून पुढे निर्दोष सुटलेल्या तरुणांना आंध्र सरकारने भरपाई दिली, ती २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. अक्षरधाम खटल्यातून २०१४ मध्ये सुटलेल्यांनी मागितली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात यासाठी कायदा करा, विशेष न्यायालये नेमा असे सुचवले. तो कायदा अद्याप झालेला नाही.

मालेगावकराला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले तेव्हा आम्ही बारावीत होतो. मेले ते आमचे, आणि पकडले गेले तेही आमचे, नऊ जण. २०११ मध्ये जामीन आणि एप्रिल २०१६ मध्ये आरोपातून मुक्तता. मुक्ततेचा दिवस पाहायला त्यातला एक जण हयात नव्हता.

आणि आता जे लिहितो ते आमच्या काही मित्रांना आवडणार नाही. २००८ च्या भिक्कू चौकातल्या स्फोटाचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, सातही आरोपी सुटले. गावात त्या रात्री चुली थंड होत्या. मग आमचे माणसे मारली कोणी, हा प्रश्न आमचाही आहे. पण त्या आरोपींपैकी कर्नल पुरोहित खटला संपण्याआधीच जवळजवळ नऊ वर्षे तुरुंगात होते. आम्ही १७१८ दिवसांचा हिशेब मागतो, मग त्या नऊ वर्षांचा नको म्हणायचे तोंड आम्हाला कुठे आहे? हे वाक्य लिहून आम्ही तीनदा खोडले आणि चौथ्यांदा ठेवले. देशात २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे. चारातले तीन. त्यांत सगळ्या आडनावांचे लोक आहेत आणि बहुतेकांचे नाव कुठल्याही मोठ्या खटल्याशी जोडलेले नाही. आमच्या माणसासारखेच ते, मिरचीच्या पुडीवाले.

गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी, तो पुन्हा आला. हातात उर्दू अखबार होता. अब्दुल वाहिद शेख यांची बातमी होती. ते आमच्याच पेशातले, मुंबईत शिक्षक. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे आत काढून २०१५ मध्ये १३ आरोपींपैकी ते एकटे निर्दोष सुटले. उरलेल्या बाराही जणांना २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. त्या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आता शेख यांनी मानवी हक्क आयोगाकडे नऊ वर्षांचे नऊ कोटी मागितले होते. "सर, इस हिसाब से मेरा कितना होता?" आम्ही कागदावर मांडले. चार कोटी सत्तर लाख. तो मोठ्याने हसला. सुटून आल्यापासून त्याला असे हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

सोबत मुलगी होती. आता बारावीत आहे, मराठी आमच्यापेक्षा सरळ लिहिते. आम्ही ड्रॉवरमधून २०१८ चा तो पिवळा पडलेला अर्ज काढला. तिने वाचला आणि म्हणाली, "सर, आयोगाच्या नावे लिहू या. वर्षाच्या आत यायला हवा होता म्हणून परत करतील, तर करू देत." तिने कोरा कागद घेतला, आयोगाचे नाव लिहिले, विषय लिहिला आणि रकमेच्या जागी येऊन बापाकडे पाहिले.

"रकम बाद में," तो म्हणाला. "पहले ये लिख के मैं रातपाली पे था. बिजली गई थी."