रामटेकच्या पायऱ्या आणि आईची पडशी



पंढरीच्या वाटेवर सामानाची चिंता आपल्याला फारशी नसते. वळकट्या आणि भांडी दिंडीच्या ट्रकमध्ये जातात. हातात टाळ, पडशीत हरिपाठ आणि बुक्क्याची डबी, एवढेच आपल्याजवळ उरते. म्हणूनच की काय, नागपूरहून जेमतेम ५० किलोमीटरवरच्या रामटेकसाठी सामान बांधायला बसलो आणि मी पार गोंधळलो.

त्या वर्षी आईच्या गुडघ्यांमुळे कार्तिकीला पंढरी गाठता आली नव्हती. "मग त्रिपुरीच्या आधी रामाला तरी भेटू," ती म्हणाली. वय ७८. गाडी गडमंदिराजवळपर्यंत जाते, पण ते तिला नको होते. वडील असताना दोघे अंबाळा तलावावर हातपाय धुऊन तिकडच्या पायऱ्यांनी चढत, तसेच तिला जायचे होते.

मी पाण्याच्या चार बाटल्या, ग्लुकोज, औषधांचा डबा, फळे, बिस्किटांचे पुडे, छत्री आणि घडीची खुर्ची असे सगळे काढून ठेवले. आईने ते पाहिले.

"एवढं सारं काऊन घेतलं रे बाबू? रामाकडे राहाले चाललो का आपण?"

आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. बिस्किटे आधी. "वानरं तुले नाही वळखत, पुड्याले वळखते." हे अगदी खरे. गडावरच्या काळतोंड्या वानरांना प्लास्टिकचा आवाज कळतो. म्हणून शिदोरी फडक्यात बांधून झोळीच्या तळाशी ठेवावी आणि प्रसाद हातात मिरवू नये. चष्मा असेल तर त्याला दोरी लावावी. कार्तिकात पहाटे शाल लागते, दुपारी ती ओझे होते. रामनवमीला जाणाऱ्यांनी जुने सुती मोजे न्यावेत, दगड तापलेला असतो. अंबाळ्याकडून चढून दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने उतरणार असाल तर चपलांसाठी कापडी पिशवी हवीच. वाटेत काढलेल्या चपला तुमच्या मागे चालत येत नाहीत.

आईच्या पडशीत शेवटी राहिले ते असे: पोळ्या, तिळाची चटणी, गुळाचा खडा, पाणी, गोळ्या, शाल आणि वडिलांचे टाळ. खुर्ची घरीच राहिली.

या टेकडीवर लोक फार जुन्या काळापासून येत आहेत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींच्या चरणांचा उल्लेख येतो. 'मेघदूता'तला रामगिरी हाच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. ते वाचल्यापासून मला एका गोष्टीची मौज वाटते. त्या यक्षाला आषाढात ढग दिसतो, आणि आषाढातलेच ढग आपणही पंढरीच्या वाटेवर डोक्यावर घेऊन चालतो. त्याच्याजवळ तर पाठवायला निरोपाशिवाय काही नव्हते.

अर्ध्या वाटेवर आई थांबली. एका पायरीवर बसली. श्वास लागला होता, चेहरा उतरला होता. मला खुर्ची आठवली. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पडशीतून टाळ काढले आणि माझ्या हाती दिले.

"तू जा. लक्ष्मणाचं दर्शन घे, मग रामापुढे हे वाजव. त्याईचे हाय म्हणून सांग."

तिला एकटीला सोडवेना. पण तिने तोंड फिरवून जप सुरू केला होता, म्हणजे बोलणे संपले. मी टाळ घेऊन वर गेलो. लक्ष्मणाच्या देवळात डोके टेकवले. रामासमोर गर्दी होती, पुजारी पुढे सरका म्हणत होते. मी दोनदाच टाळ वाजवले, तेही हळू. सांगायचे होते ते गळ्यातच राहिले.

उतरलो तेव्हा आईने शिदोरी सोडली होती. शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती, तीही दमून थांबलेली. दोघींत एक पोळी अर्धी अर्धी झाली होती, गुळाचा खडा संपला होता.

"सांगितलं का रामाले?"

"हो," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग टाळ पुसून फडक्यात बांधले आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

"पुढच्या बारीले ते खुर्ची आण," ती म्हणाली.