बसायचं का... कुंभार पिंपळगावला?

‘शनिवारी बसायचं का?’ असं कुणी विचारलं, की ‘कशाला?’ असा उलट प्रश्न आपल्यात येत नाही. ‘कुठे?’ एवढंच ठरायचं बाकी असतं. त्यातलं सगळ्यात धमाल उत्तर म्हणजे टिकी बार! बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, कोपऱ्यात डोळे वटारून बसलेला लाकडी देव आणि ग्लासात खोचलेली इवलीशी कागदी छत्री. बाहेर ट्रॅफिक का तुंबेना, आत आपण बेटावर!

गंमत म्हणजे हे बेट नकाशात कुठेच नाही. १९३३मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि लगेचच अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्याने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ थाटलं. पाठोपाठ कॅलिफोर्नियातच व्हिक्टर बर्जेरॉनचं ‘ट्रेडर विक्स’ आलं. रम, लिंबू, संत्र्याचं लिकर आणि बदामाचं सरबत घालून आपण १९४४मध्ये ‘माय ताय’ बनवलं, असं हा बर्जेरॉन सांगायचा. देखावा पॉलिनेशियाचा, रम कॅरिबियनची, पत्ता कॅलिफोर्नियाचा. आपल्याकडे जे नाही ते चार भिंतींत उभं करायचं, हा सगळा त्यातला खेळ.

माझी आजवरची सगळ्यात झकास टिकी संध्याकाळ मात्र जालना जिल्ह्यात झाली. घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावजवळ. हसू नका, सांगतो.

आमच्या ऑफिसातला एक मित्र तिकडचा. जानेवारीत म्हणाला, ‘हुरड्याला चला.’ आम्ही चौघं निघालो. समर्थ रामदासांचं जांब इथून जवळच, एवढंच आम्हाला ठाऊक. गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला रसवंती लागली आणि मी गाडी थांबवायला लावली. बांबूचे खांब, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं. छप्पर ओरिजिनल, म्युझिक लाइव्ह! आलं-लिंबू घातलेल्या रसाची मोठी किटली भरून घेतली आणि शेत गाठलं.

मित्राचे वडील, आबा, माळकरी. त्यामुळे इथे ‘बसणं’ म्हणजे खरोखर बसणंच, पोत्यावर मांडी घालून. कुणाची तक्रार नव्हती. रम तरी कशाची? उसाचा रस किंवा साखर काढून उरलेली मळी आंबवायची आणि गाळायची. आम्ही फक्त आंबण्याआधीच पीत होतो.

टिकी बारमध्ये ‘पू पू प्लॅटर’ नावाचं ताट येतं. मधोमध छोटी शेगडी, भोवती खायचे तुकडे. इथे शेगडी जमिनीत होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा, म्हणजे आगटी. आबा त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायचे, भाजली की बाहेर काढून तळहातावर चोळायचे. हात भाजतात, पण हिरवेगार दाणे सुटतात. काकूंनी शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, गूळ, दही असं सगळं मांडलेलं. आमच्यातला एक जण फोटो काढत बसला, तर आबा म्हणाले, ‘गरम हाय तवर खा. गार झाल्यावर काय चव नाय त्याला.’ फोन खिशात गेला तो ताकाची वाटी येईपर्यंत बाहेर आलाच नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा लक्षात आलं, चहूकडे ऊसच ऊस. ज्वारी फक्त बांधाकडेला, मोजून आठ तासं (म्हणजे ओळी, घड्याळाचे नव्हेत). पैठणच्या जायकवाडी धरणाचं १९७६मध्ये उद्घाटन झालं. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा या पट्ट्यातून जातो. पाणी आलं, तसा ऊस आला. रब्बीची ज्वारी बिचारी काळ्या मातीतल्या ओलीवरही निघते, पण तिला विचारतंय कोण?

‘उसाचं कसंय,’ आबा म्हणाले, ‘लावला की कारखाना नेतो. ज्वारीची पाखरं राखा, काढायला माणसं हुडका, अन् भाव बघून गप बसा.’

म्हणजे किटलीतला रस आगटीतल्या कणसाची जागा खात होता. पिणारेही आम्हीच, खाणारेही आम्हीच!

‘मग ही आठ तासं तरी कशाला?’ मी विचारलं.

‘पोरायला हुरडा लागतो मनून,’ आबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘कुणी आलं नाय तर पुढल्या साली तिथंबी ऊसच.’

माझा मित्र तीन वर्षांनी हुरड्याला आला होता. तो काही बोलला नाही. आगटीतली राख बाजूला सारून त्याने पुढचं कणीस उचललं, चोळलं आणि पहिली मूठ आबांच्या हातावर ठेवली.

टिकी बारवर माझा राग नाही. पुढच्या शनिवारी बोलवा, येतो. तिथलं बेट खोटं असतं, पण ते कायम उघडं असतं. पैसे दिले की झालं. आबांचं बेट खरं आहे आणि ते दर वर्षी नव्याने पेरावं लागतं. पुढच्या वर्षी ते असेल की नाही, हे आपण जातो की नाही यावर ठरतं.

तुमच्याही टीममध्ये असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेलच. हुरडा मिळतो डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत, पण ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा गणपती उठले, की त्यांच्या घरी एक फोन करायला लावा. ‘आबा, आम्ही येतोय. ज्वारी पेरून ठेवा.’ टिकी बारचं टेबल आदल्या दिवशी बुक झालं तरी चालतं. हुरड्याचं मात्र तीन महिने आधी करावं लागतं.